वाफशाचा रकाना

माझी थोरली जाऊ खोटं बोलत नाही, आणि या एका खोडीपायी आम्हा अकरा जणींचं वर्षाचं धान्य बुडायची वेळ आली होती.

सरकारच्या अन्नसुरक्षा योजनेतून आमच्या बायकांच्या गटाला पेरणीयंत्र मंजूर झालं. ट्रॅक्टरला जोडायचं, बी आणि खत एकाच वेळी पडतं. अर्जात एक ओळ होती, 'गटाकडे पेरणीचं दुसरं अवजार नाही.' जाऊबाई गटाच्या अध्यक्ष. सही करायच्या आधी त्यांनी गोठ्यातली पेरणीची लाकडी तिफण ओढून काढली, फोडली आणि चुलीत घातली. बाकीच्यांनाही तेच करायला लावलं. मी म्हटलं, अहो, कोण बघायला येतंय? तर म्हणाल्या, "सही माझी आहे." ती तिफण सासूबाईंच्या लग्नाआधीपासूनची. म्हातारी दोन दिवस चुलीकडे फिरकली नाही.

यंत्र आलं. नवंकोरं, पुढच्या फणाला लाल फीत बांधलेली. तालुक्याहून साहेब येऊन फीत कापतील, जाऊबाईंच्याच रानात चालवून दाखवतील, तोवर हात लावायचा नाही, लावलात तर यंत्र परत जाईल, असं कृषी सहायकानं बजावलं. साहेबांची तारीख तीनदा बदलली. एवढ्यात पाऊस पडला, दोन दिवस उघडीप मिळाली.

सासूबाई रानात गेल्या, मूठभर माती दाबून गोळा केला आणि अंगठ्यानं फोडला. तो नीट फुटला. "वाफसा आलाय," त्या म्हणाल्या. "पेरायला तीन दिवस. चौथ्या दिवशी वीट होईल याची."

जाऊबाईंनी सहायकाला फोन लावला. साहेब आता पुढच्या आठवड्यात येणार होते. तोवर माती थांबणार नाही, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. पलीकडून तो सहायक पोरगा शांतपणे म्हणाला, "ताई, अर्जात वाफशाचा रकाना नाही."

तो फोन विहिरीत टाकावासा वाटला मला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण पोट सहा महिने थांबत नाही. गावातल्या उरल्यासुरल्या तिफणी आपापल्या मालकांच्या रानात गुंतलेल्या. मागायची तरी कुणाला?

शेवटी फीत मीच सोडली. इस्त्रीची घडी मोडू नये तशी जपून सोडली आणि ट्रंकेत ठेवली. जाऊबाई दारात पाठ फिरवून उभ्या होत्या. तीन दिवसांत ट्रॅक्टरवाल्यानं अकरा जणींची रानं पेरली. जाऊबाईंचं सगळ्यांत शेवटी. मग आम्ही यंत्र धुतलं, पुसलं आणि फीत होती तशी बांधली.

साहेब नवव्या दिवशी आले. जाऊबाईंच्या रानात ज्वारी दोन बोटं वर आलेली, ओळीनं. साहेबांनी बांधावरून नजर फिरवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, एवढं गवत माजलंय. आणि तुम्ही पेरायला निघालात?"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. ही बाई आता खरं बोलणार, यंत्र जाणार, पुढच्या साली आम्ही हातानं बी टोकत बसणार. ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगवर हात ठेवून खाली बघत होता. ते पीक त्यानंच पेरलेलं.

जाऊबाईंनी पदर खोचला. "गवतच आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "चालवा."

फीत कापली. यंत्र दोनदा गेलं, दोनदा आलं. फोटो निघाले. मग साहेब अर्धा तास तणाचे तोटे सांगत राहिले आणि आम्ही माना डोलवल्या. सहायकानं टिपून घेतलं की, महिलांना तण ओळखण्याचं प्रशिक्षण द्यावं.

गाड्या गेल्यावर जाऊबाई त्या उलथलेल्या पट्ट्यात बसल्या आणि मुळं उघडी पडलेली रोपं एकेक करून मातीत खोचू लागल्या. त्या रडत होत्या. मला राग आवरेना. सासूबाई पदरात बी घेऊन आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तिफण जाळलीस तेव्हा खरं बोललीस. आज सगळ्यांचं यंत्र राखलंस. ऊठ, नांगे भरू." मागून बाकीच्या आल्या, कुणी घागर घेऊन, कुणी ओंजळभर बी घेऊन. दिवस मावळायच्या आत रिकाम्या जागा भरल्या. निम्मं उगवलं, निम्मं नाही.

महिन्यानं कागद आला. तण ओळखण्याचं प्रशिक्षण, दिवसभर, तालुक्याच्या कचेरीत, हजेरी सक्तीची. तारीख नेमकी आमच्या खुरपणीची. जाऊबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, सही केली आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'त्या दिवशी येता येणार नाही. शेतात गवत काढायचं आहे.'

यात एक अक्षर खोटं नव्हतं.