पारा भरलेला पाव

लंडनमधल्या वॉपिंगच्या घाटावर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा वखारींतून दालचिनीचा आणि डांबराचा वास एकत्रच यायचा. पायऱ्यांवर, पडावांवर म्हणजे मालवाहू होड्यांवर, वखारींच्या खिडक्यांत नुसती माणसं. सगळ्यांचे डोळे थेम्सच्या गढूळ पाण्यावर तरंगणाऱ्या एका पावावर खिळले होते.

बुडालेला माणूस सापडेना की नदीकाठचे लोक पावात पारा भरून सोडायचे. तो प्रेतावर जाऊन थांबतो, अशी पिढ्यानपिढ्यांची समजूत. पण आजचा पाव साधा नव्हता. खासगी गुप्तहेर आणि मृतात्म्यांशी बोलणारे प्रोफेसर क्वेल यांनी तो मंतरला होता. वखारीचा पहारेकरी ग्रब बेपत्ता झाल्याला नऊ दिवस झाले होते.

"आत्मा निघालाय!" क्वेल डोळे मिटून ओरडला. "तीन दिवस रुसला होता. मी म्हटलं, ग्रबभाऊ, मारेकऱ्याचं दार दाखवा. आज ऐकलंन!"

"पोलिसांना नाही वाटतं दाखवलंन?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

नदी-पोलिसांचे इन्स्पेक्टर लटरेल तिथेच उभे होते. नऊ दिवस पायपीट करून त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं, आणि वर्तमानपत्रं रोज क्वेलची आरती ओवाळत होती. त्यांचे कान लाल झाले.

पाव हेलकावे खात वळणाकडे गेला आणि एझ्रा पार्ड्यू या नावाड्याच्या पडावाला टेकून थांबला. लोकांनी गळ टाकले. पडावाच्या तळाखाली अडकलेला ग्रब वर आला. डोक्यामागे खोल जखम होती.

एझ्राची थोरली बहीण डॉर्कस गर्दीतच होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. "ताई, मी नाही गं! तू तरी सांग यांना!" तो ओरडत होता. क्वेलने बोट रोखायच्या आत लटरेल यांनी बेड्या ठोकल्या. शोध क्वेलने लावला, तर निदान पकडणारा हात तरी आपला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्कस ठाण्यात गेली. "साहेब, बावीस वर्षं मी घाटावरच्या खिडकीत बसून गोणपाटं शिवतेय. ओहोटी लागली की घाटावरून पडलेलं सगळं त्याच वळणात जातं. संत्र्याची सालं, बुचं, मेलेली मांजरं. तिथलं पाणी संथ, म्हणून तर पडाव तिथे बांधतात. माझ्या भावाचा टोकाला होता, एवढंच."

"मग काल बोलली का नाहीस?"

"काल मीपण हात जोडून उभी होते," ती म्हणाली.

लटरेल तिच्याबरोबर घाटावर आले. ओहोटी लागताच डॉर्कसने भट्टीवरचा साधा पाव सोडला. त्यात पाऱ्याचा थेंब नव्हता. मागोमाग आपला फाटका जोडा टाकला. दोन्ही डुलत डुलत एझ्राच्या पडावापाशी जाऊन थांबले.



"पाहिलंत?" क्वेल पुढे सरसावला. "कालच्या पावाने वाट पवित्र केली! आता जोडासुद्धा त्याच वाटेने जातो!"

"खरंच की!" एक म्हातारी म्हणाली.

"आत्मा तीन दिवस रुसला होता," डॉर्कसने विचारलं, "की प्रेत फुगून वळणात यायची वाट बघत होतात? आणि दुपारी दीडचाच मुहूर्त कुणी काढला?"

"आत्म्यांना घड्याळ नसतं, बाई!"

"तुम्हाला असतं ना!"

लटरेल यांनी क्वेलच्या कोटाच्या खिशात हात घातला. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक निघालं. कालच्या ओहोटीभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. काहीजण हसले. पण म्हातारी पुटपुटत राहिली, "तरी त्याच पडावापाशी का थांबावा तो?"

"बाई, तुमचं खरं आहे," लटरेल हळूच म्हणाले. "पण माझ्यापाशी दुसरा मारेकरी नाही."

"म्हणून माझा भाऊ?"

त्यांनी नदीकडे तोंड फिरवलं.

ते कोष्टक कोर्टात दाखवलं गेलं. ज्यूरीच्या बाराही पंचांनी ते हातात घेतलं आणि पुढे दिलं. बाहेर आल्यावर त्यांच्यातला एकजण म्हणाला, "कागदाचं ठीक आहे हो, पण पाव खोटं कशाला बोलेल?" अकरा मिनिटांत त्यांचं एकमत झालं होतं. महिन्याभरात एझ्रा फासावर गेला. त्याच आठवड्यात क्वेल पलीकडच्या काठावर नवा पाव सोडत होता, आणि तिथेही पाय ठेवायला जागा नव्हती.

नदीला ना ग्रब ठाऊक होता, ना एझ्रा. ती आपल्या उताराने आणि वळणाने वाहते, आणि जे मिळेल ते नेते. तुमच्या गावात कुणी असा चमत्कार दाखवला, तर आधी हात जोडू नका. घरातली कुठलीही वस्तू त्याच पाण्यात टाका आणि ती कुठे जाते ते बघा. मात्र हे कुणाच्या हातात बेड्या पडण्याआधी करा.