भाईदासकाकांच्या पत्र्यावरचा लेप

चेतना नंदुरबारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. कोंबड्यांच्या शेडचे पत्रे उन्हाळ्यात तापू नयेत म्हणून तिने एक पांढरा लेप तयार केला होता. त्यात अल्कोहोलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण होते. कण सगळीकडे सारखे पसरलेले राहिले तरच लेप नीट बसणार. पण ते मेले एकमेकांना चिकटून तळाशी जायचे. ते चिकटू नयेत म्हणून घालायचं रसायन बदलून बदलून ती कंटाळली, तेव्हा कुठे बाटलीतलं मिश्रण न ढवळता दुधासारखं राहिलं.

पहिला कॅन तिने नवापूरला चुलत्यांच्या, भाईदासकाकांच्या पोल्ट्रीवर पाठवला. काकांचा फोन आला, लेपाचं दही झालंय आणि फवारणीचं नोझल बुजलंय.

हायवेवरचे हादरे, ऊन, रसायन कमी पडलं, चेतनाने सगळ्यांना दोष दिला. रसायन वाढवलं. गुठळ्या फोडायला मिश्रण ध्वनिलहरींच्या मशीनमध्ये लावलं तर मध्येच वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कॅनचंही दहीच झालं. घरी त्या विषयावर कुणी बोललेलं तिला खपेना.

तिसरा कॅन ती स्वतः गाडीत घालून घेऊन गेली. शेडपाशी उघडून पाहिला, मिश्रण अगदी एकसारखं होतं. ती हात धुऊन परत आली, तर काका कॅनमध्ये बादलीने पाणी ओतत होते. तिच्या डोळ्यांदेखत त्या दुधासारख्या मिश्रणात गुठळ्या झाल्या.

"काका, हे काय करता?"

"वास उग्र शे बेटा, कोंबड्यास्ले तरास व्हस. म्हनीसन थोडं पानी टाकं," काका शांतपणे म्हणाले.

"आधीच्या दोन्ही वेळी टाकलं होतं?"

"हा. तू नको टाका म्हनी नव्हती."

चेतना तिथेच खाटेवर बसली. पाणी लागलं की ते रसायन कणांना धरून ठेवत नाही, हे तिने सांगितलं. आवाज चढू न देता, पण दात आवळून. काकांनी मान डोलावली. वासाचा कोंबड्यांना त्रास होतो, हे मात्र त्यांचं खरं होतं. शेवटी ठरलं, कोंबड्यांची ही बॅच विकली गेली की रिकाम्या शेडवर फवारायचं.

तसंच झालं. त्या दिवशी तिने नवा कॅन आणला आणि तो कुणाच्या हाती दिला नाही. पत्रा टोकापासून टोकापर्यंत सारखा पांढरा झाला, तेव्हा कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले. खालून काका बराच वेळ पाहत होते.

"बेस शे," ते म्हणाले. "पुढना वखतले यामा थोडा चुना टाकी दिधा ते?"