तापीच्या वाळूतलं सोनं

बायको दगूबाई वारली आणि गोपालभाईचं शेतातलं लक्ष उडालं. उन्हाळ्यात तापी आटली, तसा तो परात घेऊन घाटाखाली बसू लागला. वाळू पाण्यात फिरवायची, हलकी वाहून जाऊ द्यायची. जड ते तळाला राहतं. एके दिवशी तळाला खरंच पिवळे दाणे राहिले.

त्याची पुतणी भूमिका जळगावात भूशास्त्र शिकत होती. ती सुट्टीत आली, तशी त्याने दाण्यांची डबी तिच्यापुढे उघडली.

"हाई सोनंच शे ना?"

तिने भिंगातून पाहिलं. "सोनंच शे, काका."

कितीतरी महिन्यांनी तो हसला. सातपुड्यात खाण असणार, उद्याच जीप धरून धडगावकडे जातो म्हणाला.

भूमिकाने भिंग पुन्हा दाण्यांवर धरलं. खाणीतलं सोनं गारगोटीच्या शिरेत असतं. सुटून नदीत आलं की दगडगोट्यांत चेचून चपटं होतं. इथला सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, त्यात सोन्याच्या शिरा नसतात. आणि हे दाणे थेंबासारखे गोल होते, वितळून गोठलेले. एकाला साखळीची अर्धी कडी चिकटून होती. बोलू नये असं तिला वाटलं, पण काका उन्हातान्हात डोंगर पालथा घालायला निघाला होता.

"डोंगरमातलं नई हे. कोना तरी दागिना शे, आगमा वितळीसन आसा व्हयना."

"नदीमा आग कोठून?" असं म्हणता म्हणताच तो थांबला. गावाच्या चिता घाटावर जळत आणि राख तिथेच पाण्यात लोटत. दगूबाईच्या तोंडात सोन्याचा मणी त्यानेच ठेवला होता.

"तिना बी व्हई का यामा?"

"नई सांगता येस, काका."

सकाळी त्याने डबी नदीत रिकामी केली. पण शेजारच्या मोतीलालने सगळं ऐकलं होतं. गाव चाळण्या, पराती घेऊन घाटाखाली उतरलं.

"मानसंसनी राख शे ती!" गोपालभाई ओरडला.

"मरेल मानूसले काय कामनं सोनं?" मोतीलालने मान वर न करताच विचारलं.

भूमिकाने काकाला हात धरून घरी आणलं. तो जेवला नाही. नदीला पाणी येईपर्यंत वाळू चाळणं थांबलं नाही. भूमिका जळगावला परत निघाली, तेव्हा तो निरोप द्यायला ओट्यावरसुद्धा आला नाही.