बेहड्याची ढोली

अळणावरकडच्या त्या गावात वाटणीची रीत सरळ होती. वाटे मोठ्यानं पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा. मग मोठा दोरी वाकडी धरत नाही.

बाबूनंही धरली नव्हती. रानाचे मापानं दोन सारखे तुकडे केले. खालच्या तुकड्यात भाताची जमीन आणि बांधावर बुंध्यापासून लगडणारा उंबर. वरचा तुकडा मुरमाड, आणि कोपऱ्यात एक म्हातारा बेहडा, पोटात ढोली असलेला. धाकटा खालचाच उचलणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण संतोषनं वरचा उचलला.

"सीते, आमचा संतू भुलला बघ," घरी येऊन बाबू बायकोला म्हणाला होता. "पोळी सोडून परात उचलली त्यानं."

पुढं गावातून कानावर आलं, संतोष म्हणाला होता, "अण्णाच्या घरात खाणारी तोंडं जास्त, भाताची जमीन त्याला राहू दे." ते बाबूला आवडलं नाही. पण भात पिकत होता, उंबर फळत होता, गोष्ट तिथंच निजली.

जागी केली ती हुबळीच्या पद्मनाभरावांनी. त्यांचा तारिहाळला कारखाना. त्यांनी गावामागच्या टेकडीवर पैसा घातला. निलगिरी उपटली, तिथं जांभूळ, किंदळ, उंबर, बेहडा अशी इथलीच झाडं लावली. गेलेलं रान परत आणायचं आणि रानामागून जनावरं-पाखरं. भेकर आलं. साळिंदरांनी रताळी उकरली, तेव्हा गावानं दोन शिव्याही दिल्या. यायचा राहिला होता तो धनेश. पिवळ्या धमक चोचीचं हे थोरलं पाखरू एकदा उडालं की पंखांचा आवाज खालच्या आळीपर्यंत यायचा, असं म्हातारे सांगत.

पद्मनाभरावांनी जाहीर केलं, की धनेश ज्याच्या झाडावर घरटं करील, तो त्याचा राखणदार. त्याला टोपी, दुर्बीण आणि हुबळीच्या सभेत पुढची खुर्ची.

आणि धनेशाची जोडी आली ती नेमकी संतोषच्या बेहड्यावर. दोन वर्षं नुसतीच यायची, ढोलीत डोकवायची आणि निघून जायची. तरी गाड्या संतोषच्या दारात थांबू लागल्या. पद्मनाभरावांच्या संस्थेची वेदश्री, धारवाडची शिकलेली पोरगी, संतोषच्याच कट्ट्यावर बसायची. वनिता, संतोषची बायको, स्टीलच्या पेल्यातून चहा द्यायची. वाटे पाडले बाबूनं, आणि मान मिळत होता उचलणाऱ्याला.

"आज पण कोण आलंय?" बाबू खाटेवरूनच विचारायचा.

"जाऊन बघा की. पायांना कुलूप लावलंय काय?"

"मला काय करायचंय!"

"तेच म्हणते मी. काही करायचं नाही, तर मान का वाकडी करता दर गाडीला? एक दिवस तशीच राहील."

तिसऱ्या वर्षी माघात जोडी पुन्हा आली. या खेपेला मादी ढोलीच्या तोंडावर बराच वेळ बसली. वनितानं आळीभर सांगितलं. बाबूच्या गळ्याखाली भाकरी उतरेना. घरटं झालं की झालं, मग मरेपर्यंत संतोष पुढच्या खुर्चीवर.

अळणावरच्या बाजाराचा दिवस होता. संतोष आणि वनिता गाडीवरून बाजाराला गेले. सीतानं चूल सारवायला तांबडी माती, शेण आणि भुसा मळून ठेवला होता. बाबूनं तो सगळा गोळा पाटीत भरला, बांबूची शिडी खांद्यावर घेतली आणि बांध ओलांडला. ढोली दोन पुरुष उंचीवर. वादळात फांदी मोडल्यापासून तिचं तोंड चांगलंच पसरलं होतं. आत पाखरू नाही, एवढं त्यानं हात घालून बघितलं. मग खालून वर लिंपत गेला, घरच्या भिंतीला लिंपतात तसा, हाताच्या फटकाऱ्यांनी. वरती पाखरू अंग चोरून शिरेल एवढंच भोक राहिलं आणि खालून संतोषच्या गाडीचा आवाज आला. बाबू शिडीसकट पळाला.

"माझी माती कुठं गेली?" सीतानं विचारलं.

"कुत्र्यानं खाल्ली."

सीतानं त्याच्या कोपरापर्यंत माखलेल्या हाताकडं बघितलं, आणि परत माती मळायला बसली.

आठवड्यानं संतोषच्या रानातून ओरडा ऐकू आला. अर्धं गाव धावलं, बाबूही गेला. ढोलीच्या तोंडाला मातीची भिंत होती आणि भिंतीतल्या फटीतून पिवळी चोच बाहेर आली होती. बाहेर नर लटकून एकेक फळ तिला भरवत होता.

"आत बसली!" वेदश्री अक्षरशः नाचत होती. "अंडी घालायला मादी आत शिरते आणि चोचीएवढी फट ठेवून तोंड लिंपून घेते. हे तोंड फार मोठं झालं होतं ना, एवढं लिंपणं तिला झेपत नव्हतं. म्हणून दोन वर्षं परत जात होती. आम्ही दांडेलीहून माणूस आणून लहान करून घेणार होतो. पण हे कुणी केलं? संतोषमामा, तुम्ही?"

बाबू गर्दीत मागं सरकला. आता हा हो म्हणणार. माझ्या मातीवर, माझ्या हातावर हा खुर्चीत बसणार. आणि मी केलं म्हणावं, तर का केलं तेही सांगावं लागणार.

संतोष वर बघत होता. वाळलेल्या मातीत पंजा स्पष्ट उठला होता. तीन बोटं आणि अंगठा. बाबूची करंगळी तरुणपणी गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती.

"मी नाही," संतोष म्हणाला. "हे आमच्या अण्णाचं काम."

"अय्यो! बाबूमामा, तुम्ही?" वेदश्रीनं वाकून त्याचे पाय धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पद्मनाभरावांना तिथूनच फोन गेला आणि टोपी दोघा भावांना ठरली.

बाबूला टोपी मिळाली. मिळाली ती संतोषच्या तोंडून, हेच त्याला सलत राहिलं. धाकट्याला सगळं कळलं होतं की काहीच नाही, तेही त्याच्या चेहऱ्यावरून उमगेना. देताना हा नेहमी वरच्या पायरीवर कसा?

त्या दिवसापासून राखण दोघांची. सकाळी दोघं बांधावर बसत. नर दर खेपेला बाबूच्या उंबरावर उतरे, गळा भरून फळं घेई आणि बेहड्याकडं जाई.

"खातंय आमचं आणि राहतंय तुझ्यात," बाबू एकदा म्हणालाच.

संतोषनं टोपी मागं सरकवली आणि हसला. "मग या खेपेला वाटे पाखरानं पाडले म्हण की. एकीकडं घर, एकीकडं अन्न. उचल, अण्णा. आता पहिला तू."

बाबूनं उंबराकडं बघितलं. मग बेहड्याकडं बघितलं. पुन्हा उंबराकडं. संतोष पुढं विडी धरून थांबला होता.

"बघतो," बाबू म्हणाला. "घाई काय आहे?"