चुकलेल्या गोळ्यांचं प्रायश्चित्त

बनारसच्या ब्रह्मा घाटावर श्रीनिवासशास्त्र्यांना प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नाही. मी मात्र दर रविवारी सात विचारते, कारण ते माझ्या फॉर्मवर छापलेले आहेत. मी नीरजा, घरोघर जाणारी नर्स. शास्त्रीबुवांना संधिवात. वेद म्हणताना स्वर हातानं दाखवायचे असतात आणि त्यांची बोटं तर वळेनाशी झाली होती. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीनं ती मोकळी झाली. गोळी गुणकारी, पण जहाल. म्हणून ताप, उलट्या, तोंड येणं, सगळं विचारत राहायचं.

दहा दिवसांवर त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी आली होती. त्या दिवशी पहिला मंत्र शास्त्रीबुवांचा, हा चाळीस वर्षांचा रिवाज. त्यासाठीच तर त्यांनी इंग्रजी औषध पोटात जाऊ दिलं होतं.

प्रयागचं पारायण आटोपून ते आठवड्यापूर्वी परतले होते. मी गेले तेव्हा पाटावर तोंड मिटून बसलेले. बनारसमध्ये तोंड मिटलेला माणूस आजारी वाटत नाही, तोंडात पान असलेला वाटतो. इथे नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर सोयरिकी जुळतात.

"ताप?" मान आडवी.

"तोंड आलंय?" मान आडवी.

मी सात ठिकाणी 'नाही' लिहिलं आणि स्वतःच्या अक्षरावर खूश होऊन उठले.

जिन्यात त्यांच्या पत्नीनं, इंदूकाकूंनी, गाठलं. "चार दिन झाले, नुसतं थंड दूध पितायत. म्हणतात, पानवाल्यानं चुना ज्यादा लावला."

मी उलट्या पावली वर गेले. "काका, तोंड दाखवा."

त्यांनी असं पाहिलं, की मी जणू चपला घालून देवघरात शिरले होते. मी हलले नाही. शेवटी ओठ उघडले. आत सगळं सोललेलं होतं, हिरड्यांतून रक्त येत होतं.

काकूंनी देवामागून गोळ्यांची पट्टी आणली, प्रयागहून आल्यावरच फोडलेली. सात घरं रिकामी. मी कपाळाला हात लावला. शास्त्रीबुवांनी पाटी ओढली आणि बऱ्या झालेल्या बोटांनी, वळणदार अक्षरात लिहिलं: 'प्रयागला दोन रविवार चुकले. संध्येची वेळ चुकली तर एक अर्घ्य जास्त देतो. गोळीचंही प्रायश्चित्त नको? म्हणून आल्यापासून रोज एक.'

रिक्षा येईपर्यंत गल्लीनं उपचार सुरू केले. एकानं तुरटी सांगितली, दुसऱ्यानं पानवाला बदलायला सांगितलं. शेजारच्या मृणालिनीबाई म्हणाल्या, "नजर लागली." गोळ्या मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं, आणि ज्या बाईचं ते कामच होतं ती फॉर्म भरत बसली होती.

इस्पितळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या निघाल्या, की डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. पुण्यतिथी आली आणि गेली. पहिला मंत्र दुसऱ्यानंच म्हटला, आणि छान म्हटला असं भेटायला आलेल्या प्रत्येकानं शास्त्रीबुवांना आवर्जून सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

चौदाव्या दिवशी आवाज फुटला. पहिलं वाक्य माझ्यासाठी. "तुझा तो फॉर्म आण."

मी आणला. त्यांनी 'तोंड आलंय का?' वर बोट ठेवलं. बोट पुन्हा सुजू लागलं होतं. गोळी बंद होती ना.

"चाळीस साल शिकवतोय. शिष्याला कधी 'पाठ येतो का?' विचारत नाही. सगळे हो म्हणतात. मी म्हणतो, म्हणून दाखव."

"पण काका, तुम्ही खोटं बोललात."

"बोललो. शिष्यही बोलतात. म्हणून तर गुरू लागतो."

मला फार लाज वाटली. सात वेळा लिहिलेलं ते 'नाही' माझंच होतं. मी प्रश्न खोडून शेजारी लिहिलं, 'तोंड दाखवा.' शास्त्रीबुवांनी अक्षर तपासलं, मान डोलावली आणि कुणी न सांगता आ केला.

मी टॉर्च काढला.