शालूचा आवाज आणि दिवसा लावलेलं दार

पुण्याच्या एका कंपनीनं आमच्या सुनेला, शालूला, पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम देऊ केलं होतं. अट एकच: संध्याकाळपर्यंत नमुना पाठवायचा. त्यात खरखर नको, खोली घुमायला नको. जमलं तर आमच्या बपेऱ्यात, गावीच बसून पुण्याची नोकरी.

आमचे चिरंजीव प्रफुल्ल कामाला लागले. त्यानं अपडेट बंद केले, अँटिव्हायरस बंद केला, वायफाय बंद केलं. बंद करण्यासारखं एवढं निघालं, तरी कॉम्प्युटर चालूच होता याचं मला कौतुक वाटलं. हेडफोनमध्ये शालूला स्वतःचाच आवाज उशिरा यायचा. त्यासाठी बफर नावाचा एक आकडा कमी केला तर आवाज तडतडायचा. शेवटी मधला आकडा सापडला. सीपीयूचा पंखा घरघरतो म्हणून लांब वायरी जोडून सीपीयू स्वयंपाकघरात नेला. तिथं तो पिठाच्या डब्याशेजारी सुखानं नांदू लागला.

"बाबा, आता दार-खिडक्या लावतो."

"लाव," मी म्हणालो. जन्म याच गावात गेला, तरी म्हणालो.

शालूनं पहिलं पान उलटलं नाही तोच दार वाजलं. बाहेर शेजारची बेबीबाई, डोळ्याला पदर लावून.

"भाऊ, भरदिवसा दार लावलं! कोन गेलं?"

"कोनी नाही. रेकॉर्डिंग चालू आहे."

आमच्याकडं दिवसा दार लागतं ते घरात कोणी गेलं तरच. पुन्हा दार लावलं, पुन्हा वाजलं. गल्लीतला श्यामराव खांद्यावर दुपट्टा टाकून, घाटावर जायच्या तयारीनं आला होता. त्याच्यामागं आठ-दहा जण. थंडीमुळे सगळे शालीत.

प्रफुल्ल डोकं धरून बसला. "दार उघडं ठेवलं त कोंबडे, लावलं त गाव! अन् खोली तं अजूनही विहिरीसारखी घुमून राहिली."

"मामाजी, सगळ्यायले आत घ्या," शालू म्हणाली. "बाहेर राहिले त इचारतच राहतीन."

सगळे आत आले, भिंतींना टेकून दाटीवाटीनं बसले. शालूनं बजावलं, "कोनी खोकललं त मी पुन्हा पहिल्यापासून वाचीन."

"वाच वो," बेबीबाई म्हणाली. "आम्हाले कोनती घाई आहे?"

श्यामरावला घाई असावी. त्यानं दुपट्टा तोंडात धरला.

शालू वाचत गेली. प्रफुल्ल हेडफोन लावून ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. एवढ्या शाली आणि एवढी माणसं, घुमायला आवाजाला जागाच उरली नव्हती. संध्याकाळच्या आत नमुना गेला.

चार दिवसांनी काम पक्कं झाल्याचा निरोप आला. खाली विचारणा होती: खोली उत्तम साधली आहे, भिंतींना काय लावलंय?

प्रफुल्लनं खरं तेच कळवलं: शेजारी.