पानाच्या डब्यात उरलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. चंद्रव्वाच्या सासऱ्यांनी मला मैंदर्गीच्या बाजारात घेतलं. माझ्या कप्प्यांत सुपारी, कात, लवंगा असत आणि आल्यागेल्यापुढे मला मानाने सरकवलं जाई. पुढे सासरे गेले, घरातलं पान सुटलं, आणि सोलापूरच्या घरात मी फळीवर काळा पडत राहिलो. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटायचं.

मग चंद्रव्वाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं. डॉक्टरीणबाईंनी रोज रात्री जेवल्यावर एक गोळी लिहून दिली. चंद्रव्वाने मला चिंच लावून लख्ख घासलं आणि गोळ्यांची पाकिटं माझ्यात ठेवली. मी पुन्हा कामाला लागलो.

ही बाई मोठी खमकी. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात लेबलं शिवली, पण कुणापुढे हात पसरला नाही. आता घर मुलाच्या, गंगाधरच्या, चिंचोळीच्या कारखान्यातल्या पगारावर चालत होतं, आणि एक गोळी अठरा रुपयांना पडत होती. आधी तिला फक्त सोमवारचा उपास होता. मग तिने गुरुवार धरला, शुक्रवार धरला, शनिवारही धरला. उपासाच्या रात्री ती नुसतं दूध घेई. जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. शेजारणी तिच्या भक्तीचं कौतुक करत. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मीही असा खुळा, की गोळ्या शिल्लक राहतात म्हणून खूश होतो.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं, तर आकडा जागचा हलला नव्हता. हृदयाला धोका आहे, गोळी वाढवावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सून दुर्गा घाबरली. घरी येऊन तिने माझं झाकण उघडलं. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या सतरा तशाच होत्या.

"आत्या, हे उपास देवाचे हायेत की गोळ्यांचे?" तिने हळूच विचारलं.

चंद्रव्वाने माझं झाकण लावून टाकलं. "गंगाधर लई राबतोय गं. म्हातारीच्या गोळ्यांवर किती घालायचं त्यानं?"

"आन तुमाला काय झालं तर? मला हितं दुसरी आई कुटं हाय?"

दुर्गाचे डोळे भरून आले. त्या घडीला मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून दोघी दवाखान्यात गेल्या. दुर्गाने सगळं खरं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली नाही. तीच रोज घ्यायला सांगितली आणि कागदावर औषधाचं मूळ नाव लिहून दिलं. जेनेरिक औषधांच्या दुकानात दुकानदार गुरुराजने तो कागद वाचून पाकीट काढलं. गोळी तीन रुपयांना पडली.

चंद्रव्वाने नाक मुरडलं. "एवढ्या स्वस्तात? पीठ घातलं असंल ह्यात."

गुरुराज हसला नाही. त्याने माझ्यातलं जुनं पाकीट घेऊन दोन्ही शेजारी धरली. "आजी, आतलं औषध तेच, मापबी तेच. फकस्त कंपनी येगळी हाय."

चंद्रव्वाने दोन्ही पाकिटं हातात घेऊन न्याहाळली. मग म्हणाली, "कारखान्यात एकाच मागावरच्या टॉवेलाला मी तीन कंपन्यांची लेबलं शिवत हुते. भाव तीन, टॉवेल एकच. आन मलाच हे उमगू नये व्हय?"

मित्रांनो, आपली चूक अशी चारचौघांत कबूल करायला मोठं काळीज लागतं. आणि न ओरडता, न दुखवता ती उघड करणाऱ्या दुर्गाचं तर मला किती कौतुक वाटतं.

पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. आता महिनाअखेरीस माझ्यात एकही गोळी उरत नाही, आणि रिकामं होण्याचा मला आता आनंदच वाटतो. तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचा डबा अधूनमधून उघडून बघा. औषध महाग पडत असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. आणि गोळ्या उरलेल्या दिसल्या, तर रागावू नका. त्या माणसाजवळ जाऊन बसा.